घरगुती शास्त्र : प्रवाळाच्या टाकींतील पाणी

गेल्या महिन्याच्या टपालांत आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांतून आलें आहे. त्या कांहीं महिने मुलाकडे राहावयास गेल्या आहेत. अकरा वर्षांच्या नातीच्या हट्टावरून घरांत समुद्राच्या पाण्याची लहान टाकी आणिली, दुसऱ्याच दिवशीं तींत चार मासे सोडिले, आणि नऊ दिवसांत चारही मेले. पाणी अखेरपर्यंत स्फटिकासारखें निवळ होतें. सूनबाईंस वाटतें कीं आजींच्या हातून खाणें अधिक पडलें. आजींस वाटतें कीं पोरीनें वरचेवर पाण्यांत हात घातला. आणि पोर कोणाशींच धड बोलत नाहीं. 'दोष कोणाचा तें सांगावें. आणि प्रवाळासह टाकी पुन्हां लावावयाची झाल्यास पाणी शुद्ध ठेवण्याची व्यवस्था कशी करावी तेंही सांगावें,' असें त्यांनीं लिहिलें आहे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या पोटांत आहे, म्हणून दुसरा आधीं घेतों.

आपल्या घरांत पाणी शुद्ध करणें म्हणजे तें निवळ करणें, अशी समजूत परंपरेनें चालत आली आहे. गढूळ पाण्यांत निवळीचें बीं उगाळून घालावें, तुरटी फिरवावी, फडक्यानें गाळावें, कीं गाळ तळाशीं बसतो आणि वरचें पाणी स्वच्छ दिसूं लागतें. ही समजूत पिण्याच्या पाण्यालाही पुरी पडत नाहीं. माशांच्या टाकीला तर ती घातकच आहे. टाकींतील प्राण्याला मारणारा मळ पाण्यांत विरघळलेला असतो. त्यास रंग नाहीं, गाळ नाहीं, व फडक्यानें तो अडत नाहीं. ह्याकरितां फिल्टर ह्या शब्दाचा अर्थ केवळ 'गाळणें' असा न घेतां, 'मळ पाण्यांतून काढणारी किंवा पालटून टाकणारी सर्व व्यवस्था' असा घ्यावा.

ही व्यवस्था तीन प्रकारची असते. पहिली गाळण्याची : उरलेलें अन्न, विष्ठा, शेवाळाचे तुकडे हे दिसणारे पदार्थ कापसांत अडविणें. दुसरी जंतूंची : विरघळलेलें विष पचवून त्याचें रूपांतर करणें. तिसरी रासायनिक : कोळसा वगैरे पदार्थांकडून विरघळलेला रंग व इतर द्रव्यें शोषून घेणें. दुकानांत पहिली व तिसरी व्यवस्था डब्यांत भरून मिळते. दुसरी विकत घेऊन लगेच चालू करतां येत नाहीं. ती घरीं वाढवावी लागते. आणि टाकीचें जगणें मुख्यतः तिच्यावरच अवलंबून असतें.

मळाचा प्रवास एकदां समजून घेऊं. माशाच्या अन्नांत प्रथिनें असतात, व प्रथिनांत सुमारें १६ टक्के नायट्रोजन असतो. माशानें खाल्लेल्या व न खाल्लेल्या अन्नांतील हा नायट्रोजन बव्हंशीं अमोनियाच्या रूपानें पाण्यांत उतरतो. आतां शाळेंतल्यासारखें एक उदाहरण करूं. कोरड्या अन्नांत ४५ टक्के प्रथिनें धरलीं, तर १ ग्रॅम अन्नांत सुमारें ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन होतो. त्यांतील ५० मिलिग्रॅमच अमोनिया झाला असें मानलें, तरी १०० लिटर पाण्यांत दर लिटरमागें अर्धा मिलिग्रॅम भर पडली. रोज एक ग्रॅम अन्न पडत गेलें व हा अमोनिया पचविणारें कोणी नसलें, तर नवव्या दिवशीं तें प्रमाण साडेचार मिलिग्रॅम होतें.

शिवाय समुद्राच्या पाण्याचा एक विशेष आहे. अमोनियाचा जो अंश मोकळ्या वायुरूपानें विरघळलेला असतो तोच अधिक विषारी. नदीच्या साध्या, उदासीन पाण्यांत हा अंश शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतो. समुद्राचें पाणी अल्कधर्मी, म्हणजे ८·२ पीएचच्या जवळपास असल्यामुळें तेथें तो दहापटींहून अधिक होतो. म्हणून गोड्या पाण्यांतील मासा जेवढा मळ सोसून जाईल, तेवढ्यांत समुद्राचा मासा दगावतो.

सृष्टींत हें विष पचविण्याचें काम सूक्ष्म जंतु करितात. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करितात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचें नायट्रेट करितात. शेतांतील खताचें पिकास मानवणारें अन्न होतें तेंही ह्याच जातींच्या जंतूंमुळें. हे जंतु अमोनियाच्या ज्वलनांतून शक्ति मिळवून जगतात ही गोष्ट विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास दाखवून दिली. नायट्राइट समुद्राच्या पाण्यांत, त्यांतील क्लोराइडमुळें, गोड्या पाण्याइतका मारक ठरत नाहीं. नायट्रेट त्याहूनही सौम्य. तिसरी पायरी अशी कीं सच्छिद्र दगडाच्या गाभ्यांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें निराळे जंतु नायट्रेटचा नायट्रोजन वायु करून टाकितात व तो हवेंत निघून जातो.

हे जंतु वाढतात मात्र सावकाश. दुधास विरजण लावलें कीं रात्रींत दहीं होतें, कारण दह्याचे जंतु थोडक्या वेळांत दुणावतात. अमोनिया पचविणाऱ्या जंतूंस एकदां दुणावण्यास कित्येक तास, कधीं एक दिवसही लागतो. त्यामुळें नव्या टाकींत त्यांचा संसार थाटण्यास चार ते सहा आठवडे सहज जातात. जुन्या चालत्या टाकींतील एखादा दगड आणिला, किंवा बाटलींत मिळणारे जंतु घातले, तर तें विरजणाचें काम करितें आणि मुदत कमी होते. पण दहीं लागलें कीं नाहीं हें जसें भांडें हलवून पाहावें लागतें, तसें येथेंही तपासून पाहावेंच लागतें.

आतां दोषाचा निवाडा करितां येतो. आजींच्या चिमटीनें अमोनिया वाढला असेल, हें खरें. परंतु चालू झालेल्या टाकींत तेवढी चिमूट पचून गेली असती. मुलीनें हात घातल्यानें नऊ दिवसांत चार मासे मरावेत, असें मानण्यास आधार नाहीं. जंतूंचा पत्ता नसलेल्या पाण्यांत दुसऱ्याच दिवशीं चार मासे सोडिले, तेव्हांच त्यांचें मरण ठरून गेलें होतें. हें ज्यानें टाकी विकली त्यानें सांगावयास हवें होतें. घरांतील माणसांनीं एकमेकांस दोष देण्याचें कारण नाहीं, व विशेषतः त्या मुलीस हें कोणी तरी जवळ बसवून स्पष्ट सांगावें अशी आमची आग्रहाची विनंति आहे. मुलें अशी गोष्ट बोलून दाखवीत नाहींत व विसरतही नाहींत.

आतां टाकीची योजना. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४५ उंच अशा टाकींत काठोकाठ १०८ लिटर पाणी मावतें. वरची मोकळी जागा व दगड वजा जातां ८५–९० लिटर उरतें. ह्याहून लहान टाकी घेऊं नये. पाणी जितकें थोडें तितका प्रत्येक चुकीचा परिणाम मोठा, हा साधा भागाकार आहे. भरलेल्या टाकीचें वजन सव्वाशें किलोच्या घरांत जातें, तेव्हां खालचा घोडा भक्कम हवा.

टाकीचा खरा फिल्टर म्हणजे तींतील दगड. इंडोनेशियांतील जाकार्ता येथील ली चिन एंग ह्या गृहस्थानें समुद्रांतील जिवंत दगड, प्रकाश व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच प्रवाळ घरीं जगवून दाखविलें व १९६१ सालीं ती पद्धत प्रसिद्ध केली. आज मान्य असलेल्या पद्धतींचें मूळ त्यांत आहे. दर ८ ते १० लिटरमागें १ किलो, म्हणजे आपल्या टाकीस १० किलोंच्या आसपास सच्छिद्र, वजनास हलका दगड पुरे. नैसर्गिक प्रवाळभित्ति फोडून आणिलेला दगड घेऊं नये. फ्लॉरिडाकडे असा दगड काढण्यास बंदी आहे, व तेथें माणसांनीं समुद्रतळाशीं दगड ठेवून, त्यांवर जीवसृष्टि वाढल्यावर ते विकण्याचा धंदा चालतो. असा दगड, किंवा भाजून बनविलेला कोरडा कृत्रिम दगड घ्यावा. तो भिंतीसारखा न रचतां, पाणी सर्व बाजूंनीं खेळेल अशा बेतानें मांडावा. तळाशीं दोन-तीन सेंटिमीटर चुनखडी वाळू पसरावी.

येथें एक धोक्याची सूचना. जुन्या वळणाच्या घरांत कोणतीही संशयित वस्तु उकळून शुद्ध करण्याची रीत आहे. समुद्रांतून आलेला दगड कदापि उकळूं नये. त्यावर झोअँथिड जातीचे लहान प्राणी असूं शकतात. त्यांपैकीं कांहींच्या अंगीं पॅलिटॉक्सिन नांवाचें भयंकर विष असतें, तें वाफेबरोबर घरांत पसरतें, व अशा प्रसंगीं घरचीं माणसें इस्पितळांत गेल्याचीं उदाहरणें नोंदलेलीं आहेत. दगड हाताळतांना हातमोजे घालावेत, व हातावर जखम असल्यास तें काम दुसऱ्याकडे द्यावें.

दगडांतील जंतूंस प्राणवायु व मळ दोन्हीं पोंचविण्यास पाणी सतत खेळतें हवें. ह्यासाठीं दोन लहान पंप समोरासमोर लावावेत. दोहोंचा मिळून दर तासाचा प्रवाह टाकीच्या पाण्याच्या दहा ते वीस पट, म्हणजे एक ते दोन हजार लिटर असावा. प्रवाळ जागचें हलत नाहीं. त्याचें अन्न आणणें व मळ नेणें हें पाण्यानेंच करावयाचें असतें.

त्यानंतरचें यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. ह्याचें तत्त्व गृहिणींस समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. साखरेचा पाक करितांना दूध घातलें कीं मळी फेसाबरोबर वर येते व ती झाऱ्यानें काढून टाकितात. तसेंच ह्या यंत्रांत खाऱ्या पाण्यांतून बारीक हवेचे असंख्य बुडबुडे सोडितात, त्यांच्या अंगास प्रथिनयुक्त मळ चिकटतो, आणि तो फेस वरच्या पेल्यांत जमतो. विशेष लाभ हा कीं मळाचा अमोनिया होण्यापूर्वींच तो टाकीबाहेर निघतो. साधें पाणी असा टिकाऊ फेस धरीत नाहीं, म्हणून हें यंत्र खाऱ्या पाण्याचेंच. सच्छिद्र दगड व जोरकस स्किमर ह्यांवर भर देणारी पद्धत बर्लिन पद्धत ह्या नांवानें ओळखली जाते. आपल्या टाकीस कांठावर टांगावयाचा लहान स्किमर पुरतो. मासे दोनतीनच असून दर आठवड्याचें पाणी न चुकतां बदलणार असाल, तर त्यावांचूनही चालेल.

गाळण्यासाठीं कांठावर टांगण्याचा छोटा फिल्टर घ्यावा व त्यांत कापूस ठेवावा. हा कापूस दोनतीन दिवसांनीं बदललाच पाहिजे. अडकलेला मळ अजून पाण्याच्या वाटेवरच आहे. तो तेथें कुजला तर कापसानें काय साधलें? त्याच फिल्टरांत मूठभर सक्रिय कोळसा जाळीच्या पिशवींत घालून ठेवावा. तो पाण्याचा पिवळेपणा व प्रवाळांनीं एकमेकांवर सोडलेलीं द्रव्यें शोषितो. महिन्यानें तो टाकून नवा घालावा. फॉस्फेट वाढल्यास लोहयुक्त खडा मिळतो तोही तेथेंच बसतो, पण मोजल्यावांचून घालूं नये.

कोणी टाकीखालीं दुसरी टाकी, म्हणजे संप, ठेवण्याचा सल्ला देतील. सोय मोठी आहे. पण वीज गेल्यावर वरचें पाणी नळींतून उलट खालीं येतें हें विसरूं नये. परतीच्या नळीचें तोंड पृष्ठभागाखालीं ३ सेंटिमीटर असेल, तर ६० × ४० × ३ = ७,२०० घनसेंटिमीटर, म्हणजे सव्वासात लिटर पाणी खालीं उतरेल, शिवाय नळ्यांतील निराळें. तेवढी जागा खालच्या टाकींत रिकामी नसली, तर तें शेजाऱ्याच्या छतांतून खालीं जाईल. प्रथमच टाकी लावणाऱ्यानें संपाच्या भानगडींत पडूं नये हें उत्तम.

पाणी कोठलें घ्यावें? नळाचें घेऊं नये. त्यांत क्लोरिन किंवा क्लोरामाइन असतें, जुन्या नळांतून तांबें उतरतें, व तांब्याचा अल्प अंशही प्रवाळ, गोगलगायी, कोळंबी ह्यांस मारतो. आरओ व त्यापुढें डीआय अशा दोन्हीं गाळण्यांतून काढलेलें पाणीच घ्यावें. त्यांत प्रवाळासाठीं तयार केलेलें मीठ लिटरमागें सुमारें ३५ ते ३८ ग्रॅम घालून, विशिष्ट गुरुत्व १·०२५ ते १·०२६ आहे अशी खात्री करावी. स्वयंपाकाचें मीठ, खडेमीठ किंवा सैंधव ह्या कामीं उपयोगी नाहीं. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यांतील चुन्यापासून रचितें. त्याला लिटरमागें ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम व १,३०० च्या आसपास मॅग्नेशियम लागतें, आणि तें साध्या मिठांत नसतें. उष्णमान २५–२६ अंश सेल्सिअस ठेवावें.

आणखी एक गोष्ट. वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. शंभर लिटरांतून दहा लिटर उडालें तर लिटरमागें ३५ ग्रॅमचें प्रमाण ३९ वर जातें. म्हणून रोज उडालेलें पाणी भरून काढतांना बिनमिठाचें शुद्ध पाणीच घालावें.

अशी टाकी सिद्ध झाल्यावर तींत मासा सोडूं नये. अमोनियम क्लोराइडचे थेंब मोजून घालून अमोनिया लिटरमागें २ मिलिग्रॅम करावा, विरजणाचे जंतु घालावेत, आणि एका वहींत अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट ह्यांचे आंकडे दर दोन दिवसांनीं लिहावेत. पहिला वाढून उतरूं लागेल, मग दुसरा वाढून उतरेल, व तिसरा सावकाश चढत जाईल. आलेखाच्या कागदावर हीं तीन वळणें काढून पाहणें हा शाळेंतल्या पुष्कळ धड्यांहून चांगला धडा आहे. ही वही त्या नातीच्या स्वाधीन करावी. २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यापासून चोवीस तासांत पहिले दोन आंकडे शून्यावर आले, म्हणजे जंतूंचा संसार थाटला. मग बरेंचसें पाणी बदलून नायट्रेट उतरवावें व प्रथम दोनचार गोगलगायी सोडाव्यात. ह्या सुमारास वाळूवर तपकिरी साय धरते. तिला भिऊं नये, ती बहुधा आपोआप जाते. आठ-दहा दिवसांनीं पाळीव पैदाशीच्या क्लाउनफिशची एक जोडी, व महिन्यानें वाटल्यास एक लहान गोबी मासा. तिघांवर संख्या नेऊं नये. प्रवाळ त्यानंतर, आणि तेंही मऊ जातीचें प्रथम. दगडी सांगाड्याचीं प्रवाळें आंकडे कित्येक महिने स्थिर राहिल्यावर.

दर आठवड्यास किती पाणी बदलावें, हा प्रश्न गणितानेंच सोडवूं. आठवड्यांत नायट्रेट लिटरमागें २ मिलिग्रॅम वाढतो असें समजा. दर वेळीं दहावा हिस्सा पाणी बदललें, तर नायट्रेट वाढत वाढत २० वर स्थिर होतो, कारण तेथें दहावा हिस्सा म्हणजे नेमके २ बाहेर जातात. पांचवा हिस्सा बदलला तर तो १० वर स्थिर होतो. अन्न दुप्पट टाकलें तर दोन्हीं आंकडे दुप्पट. ह्यावरून दिसेल कीं बादल्या उपसण्यापेक्षां चिमूट आवरणें सोपें आहे. एकत्र कुटुंबांत प्रत्येक जण प्रेमानें घांसभर घालतो, व दुसऱ्यानें घातलें कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं. अन्नाची डबी एकाच्याच ताब्यांत असावी, व ती आजींकडे असावी असें आम्ही सुचवितों. वही नातीकडे व डबी आजींकडे, म्हणजे आंकडा चढला तर दोघींस एकमेकींशीं बोलावेंच लागेल.

स्वच्छतेचा अतिरेकही टाळावा. नायट्रेट २ ते १० व फॉस्फेट ०·०३ ते ०·१ मिलिग्रॅम असलेलें प्रवाळास मानवतें. दोन्हीं शून्यावर नेले तर प्रवाळाच्या अंगांतील ज्या सूक्ष्म वनस्पति त्याला अन्न पुरवितात त्याच उपाशी पडतात, आणि नको त्या चिकट शेवाळासारख्या जीवांस रान मोकळें होतें. येथें सोंवळें कडक पाळून भागत नाहीं. फिल्टरांतील स्पंज किंवा चिनी मातीचीं नळकांडीं नळाखालीं घासून धुऊं नयेत. क्लोरिननें जंतु मरतात. पाणी बदलतांना टाकींतून काढलेल्या पाण्यांतच तीं हलकेच खळबळावीत.

वीज गेली तर माशांस प्रथम उणीव भासते ती प्राणवायूची. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरांत ठेवावा व वर्षांतून दोनदां चालवून पाहावा. तो नसल्यास पाणी भांड्यानें उचलून वरून धार धरावी. ही युक्ति जुनी आहे. १८४६ सालीं इंग्लंडांत ॲना थिन ह्या बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळाच्या जातीचे प्राणी लंडनला आपल्या घरीं नेले व जगविले. पुढें ताजें समुद्रजल मिळेना, तेव्हां त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तें पाणी अर्धा-पाऊण तास एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत असे. प्रवाळ घरीं जगविण्याचें श्रेय बाईंस मिळालें. त्या मोलकरणीचे दुखरे खांदे कोणाच्या ध्यानीं राहिले नाहींत. आज तिचें काम पंप करितो, तरी कापूस बदलणें, फेसाचा पेला धुणें, पाणी भरणें, मीठ कालविणें हें कोणाला तरी करावेंच लागतें. हौस एकाची आणि राबणें सुनेचें, असें व्हावयाचें असेल तर टाकी आणूं नये. कामें आधींच वांटून घ्यावीत, व घरीं कोणी नसेल त्या दिवसांची व्यवस्थाही ठरवावी.

विजेच्या तारांस टाकीखालीं झोल द्यावा, म्हणजे ओघळलेलें पाणी खोबणींत न शिरतां खालीं ठिबकेल. आणि गळती होतांच वीज तोडणारें बटन बसवून घ्यावें. खारें पाणी विजेचें चांगलें वाहक आहे.

आतां स्वदेशांतील वाचकांसाठीं एक महत्त्वाची गोष्ट. वर सांगितलेली प्रवाळाची टाकी भारतांत लावतां येणार नाहीं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं भित्ति रचणारीं सर्व दगडी प्रवाळें, काळें प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे ह्यांचा समावेश झाला. वाघास जें संरक्षण तेंच त्यांस. तीं पकडणें, विकणें, बाळगणें हा गुन्हा आहे, व मेलेल्या प्रवाळाचा शोभेसाठीं ठेविलेला तुकडाही त्यांतून सुटत नाहीं. दुकानदार गुपचूप देऊं लागला तरी घेऊं नये, आणि परदेशांतून येणाऱ्यांनीं आठवण म्हणून दगडी प्रवाळ पेटींत घालून आणूं नये. ज्यांस हौस आहे त्यांनीं प्रवाळ वगळून, कृत्रिम दगडांत पाळीव पैदाशीचे क्लाउनफिश ठेवावेत. फिल्टरची व्यवस्था हीच. प्रवाळ पाहावयाचें तर मालवणास जावें. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रांत तें आहे, व १९८७ सालीं तो भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. तेथें पाण्यांत उतरल्यास त्यावर पाय मात्र देऊं नये.

घरच्या दागिन्यांत किंवा नवरत्नांच्या अंगठींत जें पोवळें असतें त्याची चौकशीही कांहीं वाचकांनीं पूर्वीं केली आहे. तें मुख्यतः भूमध्य समुद्रांतील तांबड्या प्रवाळाचें असून तें भित्ति रचणाऱ्या प्रवाळांहून निराळें. त्याविषयीं पुढील अंकीं लिहूं. ह्या विषयावर ज्या भगिनींस व बंधूंस शंका असतील त्यांनीं टाकीचें माप, पाण्याचे आंकडे व माशांची संख्या इतकें तरी पत्रांत अवश्य कळवावें. 'पाणी अगदीं स्वच्छ आहे' एवढ्यानें आम्हांस कांहींच सांगतां येत नाहीं.